चांगदेवबाबांचा डबा कोणी खाल्ला?

१

टाळ चुकला तर आमच्या माधवीताईंच्या कपाळावर आठी उमटते. त्या गुरुवारी टाळ चुकला नाही, थांबला.

कामतघरच्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी, म्हाताऱ्या मंडळींची जेवणं झाली की माधवीताईंचं कीर्तन असतं. मी विठू, त्यांचा पेटीवाला. माझी खोली लूमच्या कारखान्यावरच आहे. दिवसभर खटखट ऐकून कान विटतात आणि गुरुवारी ताईंचा आवाज लागला की ते धुऊन निघतात. श्रोत्यांत पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसायचे अंजूरचे चांगदेवबाबा. हयात मिठागरात गेलेला माणूस, पाय अजून मिठाने तडकलेले, पण लयीला पक्का. मुलगा आणि सून दोघं दापोड्याच्या गोदामात ड्युटीला जातात, म्हणून सकाळी रिक्षा त्यांना केंद्रात सोडते आणि संध्याकाळी घेऊन जाते.

पूर्वरंग संपत आला होता. ताईंनी नामाचा गजर धरला आणि एकदम हात वर करून थांबल्या. "विठूदादा, पेटी थांबवा. बाबांना बघा!"

बाबांच्या हातून टाळ निसटला होता. अंगाला दरदरून घाम, डोळे अर्धवट मिटलेले. आम्ही धरेपर्यंत ते आडवे झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाइन लावलं आणि बाहेर येऊन विचारलं, "शुगरची गोळी देता ना यांना? मागच्याच आठवड्यात मी ती वाढवली होती. पण गोळी घेऊन हा माणूस उपाशी राहिलाय. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो."

"उपाशी कसे राहतील?" केंद्राचा व्यवस्थापक देवेश म्हणाला. "रोज डबा रिकामा होतो. आजही झाला."

ताईंनी तो डबा मागवून घेतला. वरच्या खणात भाताचं शीत नव्हतं. खालच्या खणात शेवग्याच्या शेंगा होत्या, म्हणजे शेंगांचे दोरे. दाढेखाली चावून चावून त्यांचा पार कुंचला झालेला.

ताईंनी एक दोरा उचलून उजेडात धरला.

"देवेश, चांगदेवबाबांच्या तोंडात दात किती?"

सगळ्या कामतघरला माहीत होतं की बाबांच्या तोंडात समोरचे दोन सोडले तर काही नाही.

२

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो तर ठकी पायरीवर बसून होती. ठकी डोंगरपाड्यावरची. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, गोळ्या देणं, डबे वाटणं, सगळं तिच्याकडे. देवेशने तिला आत यायला मनाई केली होती.

"गोळी तिच्या हातची, डबा तिच्या हातचा," देवेश ताईंना म्हणाला. "आणि दात तिचे बत्तीसच्या बत्तीस. गुरुवारी ट्रस्टी येतायत. तेव्हा तिला काढणार आणि पोलिसात देणार. माझाही नाइलाज आहे, ताई. उद्या वरून चौकशी आली तर अनुदान बंद होईल आणि हे सगळे म्हातारे घरी कुलपात पडतील."

ते खोटं नव्हतं. केंद्र येण्याआधी पुतळाबाईंना त्यांची सून खरंच बाहेरून कडी लावून कामाला जायची. तिचाही इलाज नव्हता.

ताई पायरीवर ठकीच्या शेजारी टेकल्या. "खाल्लास का गं डबा?"

"मी न्हाय खाल्ला," ठकी म्हणाली. ती रडत नव्हती, रागावली होती. "मना भूक लागली तर मी मांगून खाईन. चोरून कशाला खाईन? माजी भाकर असते ना माज्याजवल."

"मग बाबा जेवत असताना तू कुठं असतेस?"

"पुतलाबायला भरवते. तिचे हात कापतात. माजी पाठ असते बाबांकडं. ते खिडकीशी बसतात, मांगच्या. मी वलून बघते तवर डबा रिकामा. आन् धुतलेला."

"धुतलेला?"

"रोजचा धुतलेलाच मिलतो. मना वाटं, बाबाच धुतात. कालच काय तो खरकटा व्हता."

पुतळाबाई आतल्या खाटेवरून ओरडल्या, "मला विचार की गं, माधवी! मला कोणी काही विचारत नाही. माझ्यावर का नाही संशय? मी खाते की दोघांचं!"

"तुमच्यावर घेतला असता, आजी," ताई हसल्या. "पण शेंगा चावायला तुमच्याकडे तरी दात कुठायत?"

"एक आहे," पुतळाबाईंनी बोट घालून दाखवला. "पण तो शोभेचा."

ठकीलाही हसू आलं. ताईंनी तेवढ्यात विचारून घेतलं, "बाबा कधीच जेवत नव्हते का गं? नीट आठव."

ठकीने आठवून सांगितलं. दिवाळीपर्यंत गोदामाच्या कँटीनचा डबा यायचा, तो बाबा पोटभर खायचे. पोळी वरणात कुस्करून, वाटीसुद्धा पुसून घ्यायचे. दिवाळीनंतर बायकांच्या बचत गटाकडे जेवणाचं काम गेलं तेव्हापासून बाबा खिडकीशी बसायला लागले.

"आन् एकादशीला सगला खातात. केली, शेंगदान्याचा कूट, सगला."

"एकादशीला गटाचं जेवण नसतं?"

"न्हाय. गाडीवरून केली आनतो आमी. आन् मधी गटाची बाय लग्नाला गेलती, तवा गटातल्याच रूपाताईच्या घरनं जेवन आला. तवा पन बाबा जेवले. मी पाठ फिरवलीच न्हवती त्या दिवशी, म्हनून बघितला."

उपासाच्या दिवशी जेवणारा आणि जेवणाच्या दिवशी उपाशी राहणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. ताई मात्र डबा उलटसुलट करत होत्या. कडीचा एक खिळा निघालेला होता आणि तिथे पांढऱ्या सुताने कडी बांधली होती. गाठ इतकी बारीक की बोट फिरवलं तरी हाताला लागू नये.

"ही गाठ तू बांधलीस, ठकी?"

"न्हाय."

मी पुढे वाकलो. ही गाठ मी रोज पाहतो. ताण्याचा उभा धागा तुटला की चालत्या लूमवर एका हाताने मारतात ती.

"ताई," मी म्हणालो, "ही विणकराची गाठ आहे. आपल्या केंद्रात विणकर कोणीच नाही."

"केंद्रात नाही," ताई उठल्या. "चला, खिडकीच्या पलीकडे बघू."

३

केंद्राच्या मागे बोळ आहे, त्यापलीकडे बंद पडलेला कारखाना. खिडकीखाली एका उलट्या क्रेटवर एक म्हातारा बसला होता. दाढी मेंदीने रंगवलेली, रंग अर्धा उतरलेला. दात मात्र भक्कम. आम्हाला बघून तो उठून जायला निघाला.

"बसा, चाचा," ताई म्हणाल्या. "डबा छान बांधून दिलात. तेच सांगायला आले."

म्हातारा थांबला. "कडी हिल रही थी, बेटी. किसी का डब्बा टूटे तो अच्छा नहीं लगता."

त्यांचं नाव यासीनचाचा. तरुणपणी उत्तरेकडून आले आणि उभा जन्म कामतघरच्या लूमवर काढला. कारखाना बंद पडला, नजर अधू झाली, राहायची खोली दुसऱ्याच्या नावावर. केंद्रात नाव घालायला गेले तर राहत्या पत्त्याचा पुरावा नाही म्हणून देवेशने परत पाठवलं. देवेशलाही तसाच नियम आला होता.

"बाबा डबा द्यायचे तुम्हाला?"

"मैंने कभी माँगा नहीं." चाचांचा आवाज एकदम चढला. "वो बोले, आज मेरा उपास है, अन्न फेंकना पाप है, तू खा ले. दूसरे दिन भी उपास. मैं बोला, बाबा, रोज-रोज उपास? तो हँस के बोले, बुढ़ापे में ऊपरवाला ज़्यादा काम लगाता है." त्यांनी आमच्याकडे बघितलं. "कल अंदर शोर हुआ तो मैंने डब्बा बिना धोए खिड़की में रख दिया. बाबा ठीक तो हैं ना? मेरे खाने से तो..."

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ठीक आहेत. तुमच्यामुळे काही झालं नाही."

परत येताना मी म्हणालो, "सुटलं कोडं! ठकी निर्दोष."

"डबा कोणी खाल्ला ते सुटलं," ताई म्हणाल्या. "चोर खाऊन डबा धुऊन ठेवत नाही हो, विठूदादा, पाहुणा ठेवतो. तेव्हाच कळलं होतं की डबा दिला गेलाय, चोरला गेला नाही. पण भुकेला माणूस रोज आपलं ताट दुसऱ्याला का देतो? ते कळल्याशिवाय चांगदेवबाबा पुन्हा उपाशी राहणार, पुन्हा गोळी घेणार. पुढच्या वेळी आपण वेळेवर पोचू याची खात्री काय? आणि चाचांचं नाव मी ट्रस्टींपुढे नुसतंच घेतलं, तर उद्या बोळातल्या त्या खिडकीला पत्रा ठोकतील. तेवढंच होईल."

४

दवाखान्याच्या दारात एक बाई बाकावर बसली होती. मांडीवर टोपलं, टोपल्यात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं. आम्हाला बघून तिने डोळे पुसले.

ही विनिता. चांगदेवबाबांची लेक, इथेच कामतघरला दिलेली. बचत गटाचं जेवण तिच्याच चुलीवर शिजतं.

"पेज आणली होती, ताई," ती म्हणाली. "घोटभरही घेतली नाही. मी बाहेर आले आणि कँटीनचा चहा आला, तो घेतला. माझ्या हाताला चव राहिली नाही का हो? मी तर बाबांना आवडतं म्हणून शेंगा घालते. मी लहान असताना माझ्यासोबत गर चोखून चोखून खायचे."

ताईंनी तिला काहीच विचारलं नाही. पेजेचं पातेलं तिच्या हातून घेतलं, तिथेच उभ्याने चार चमचे प्यायल्या आणि म्हणाल्या, "चव उत्तम आहे. तू घरी जा. मी बघते."

आत बाबांचा मुलगा कुणाल उशाशी उभा होता, गोदामाच्या गणवेशातच. ताईंनी त्याला खोलीबाहेर घेतलं.

"कुणाल, बाबा विनिताकडे जातात का रे कधी?"

"जातात ना. सणाला जातात."

"घरात बसून जेवतात?"

कुणाल विचारात पडला. "न्हाय हो. दारातनंच परत येतात. पाणी पन न्हाय घेत. बारा वर्सं झाली तिच्या लग्नाला, कधीच न्हाय जेवले. का बरं?"

"विनिताला मूलबाळ?"

कुणालने नकारार्थी मान हलवली आणि मग त्याचा चेहराच बदलला. जुन्या माणसांची रीत त्याला आठवली होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आता खाडीकाठच्या गावांतही ती फार कोणी पाळत नाही. पण चांगदेवबाबा जुने.

मला एकेक गोष्ट दिसायला लागली. कँटीनचं जेवण चाललं, गाडीवरची केळी चालली, रूपाच्या चुलीवरचा भात चालला, दवाखान्याचा चहासुद्धा चालला. फक्त एका चुलीचं चाललं नाही.

ताई आत गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी चोराला पकडल्यासारखं काही केलं नाही. कीर्तनात कथा सांगतात तशी, हळू आवाजात, बाबांना त्यांचीच कथा सांगितली. खिडकी, चाचा, उपास, चूल.

बाबांनी उशीवरून मान वळवली.

"ताई, तुमी कीर्तन करता का पोलिसात हाव?"

"दोन्हीकडं समोरच्या माणसाचा चेहरा वाचावा लागतो, बाबा."

"घरच्यांना डबा मांगितला असता तर सून बोलली असती, केंद्रात जेवन हाय ना, मंग कशाला? काय सांगू तिला?" बाबांचा आवाज खाली आला. "विनीला सांगू नका. बारा वर्सां पोर नवस बोलते. तिला कललं का तिच्या घरचा मी खात न्हाय, तर तिला काय वाटंल? मूल न्हाय म्हनून बाप ताटाला शिवत न्हाय, आसाच वाटंल ना? माज्या आयनं पालला, बापानं पालला. मी मोडू कसा? आन् पोरीला दुखवू कसा? म्हनून गप ऱ्हायलो."

"आणि ठकी?" ताई म्हणाल्या. "तुमचा डबा तिने खाल्ला म्हणून गुरुवारी तिला काढणार आहेत. पोलिसात देणार आहेत. तुमची आंघोळ, तुमची गोळी, तुमचे पाय चेपणं, सगळं तिने केलं. खरं सांगितलं तर लेक दुखावते, नाही सांगितलं तर ठकी जाते. मी कोणाचं नाव घेऊ, बाबा?"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, तुम्हीच का नाही सांगत ट्रस्टींना?"

"उघड करायला ते गुपित माझं नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत थांबू. देवाचंही काम असतं यात थोडं."

५

गुरुवारी ताईंनी एक बदल केला. कीर्तन जेवणानंतर न ठेवता आधी ठेवलं. ट्रस्टी मागे खुर्च्यांवर बसले. ठकी दाराबाहेर उभी होती. विनिता डब्यांची टोपली आणि वाढीव भाताचं पातेलं घेऊन आली तेव्हा ताईंनी तिला थांबवून घेतलं. चांगदेवबाबा पहिल्या रांगेत होते. टाळ मांडीवर, हात टाळावर नाहीत. गोळी त्यांनी अजून घेतली नव्हती. ताईंनीच तशी ताकीद दिली होती.

त्या दिवशीचं कीर्तन मी विसरणार नाही. ताईंनी उत्तररंगात कुठलीही मोठी कथा घेतली नाही. नैवेद्य म्हणजे काय, एवढंच सांगितलं. ताट देवासमोर ठेवतो तेव्हा ते कोणाचं असतं? आणि देवाने बघितल्यावर कोणाचं होतं? बाजारातून आलेला तांदूळ, कुणाच्या तरी विहिरीचं पाणी, कुणाची तरी चूल. देवापुढून नैवेद्य परत आला की त्याला घर उरत नाही, जात उरत नाही, चूल उरत नाही. तो प्रसाद. मग त्यांनी सगळे डबे मूर्तीपुढे ओळीने मांडले, झाकणं काढली आणि हात जोडून डोळे मिटले. पेटीवर माझी बोटं नुसतीच टेकलेली. दूरवर लूमची खटखट, बाकी शांतता.

बाबा डब्याकडे बघत होते. हात पुढे झाला नाही.

देवेश खाकरून उभा राहिला. "कीर्तन झालं. आता एक कटू विषय. ठकीबद्दल ट्रस्टने ठरवलंय की आजपासून..."

खणकन टाळ वाजला.

एकच ठोका. चांगदेवबाबा उठून उभे होते.

"ठकीनं न्हाय खाल्ला," ते म्हणाले. "मी दिला. रोज मीच दिला, मांगच्या यासीनला. माज्या लेकीच्या घरचा जेवन व्हता. तिला मूल न्हाय, म्हनून मना चालत न्हवता. आता काय त्या पोलिसाला सांगायचा ते सांगा."

सगळ्यांचे डोळे विनिताकडे गेले. बाबांचे मात्र जमिनीला खिळलेले.

विनिताच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मग ती स्पष्ट शब्दांत बोलली.

"दारातून परत जायचात ना, मला वाटायचं तुमचं जावयाशी बिनसलंय. इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडत आले, बाबा. मूल नाही, ते माझं मला ठाऊक आहे. त्याचं रडून झालं. पण माझ्या अन्नापुढे बसून माझा बाप उपाशी राहतो, हे ठाऊक नव्हतं. ते जास्त लागलं."

ताईंनी मूर्तीपुढचा एक डबा उचलला, बाबांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा देवाचा आहे."

बाबा बसले. पहिला घास त्यांनी कपाळाला लावला आणि तोंडात घातला. मग दुसरा. शेंग उचलली आणि दोन दातांमध्ये धरून गर ओढला, अगदी आवाज करून. पुतळाबाई खाटेवरून म्हणाल्या, "सावकाश रे मेल्या, कोणी पळवत नाही आता!" तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

डबा संपला. बाबांनी तो बाजूला सारला. मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

"विनी, ह्यो देवाचा झाला." त्यांनी शेजारचं एक रिकामं ताट पुढे केलं. "आता तुजा वाढ गो, बाय. पातेल्यातला. देवाला न दावलेला."

विनिताने वाढलं. पातेलं घाईने कलंडलं आणि निम्मा भात ताटाबाहेर पडला. बाबांनी तोही वेचून घेतला.

देवेश ठकीजवळ गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण ठकी मोठ्याने म्हणाली, "माफी कशाला? आंदी बाबांची गोली दे मना, जेवन चाललाय त्यांचा." आणि ती आत आली.

ताई मागच्या खिडकीकडे गेल्या. "चाचा, पुढच्या दाराने या. पंगत बसलीय."

"ताई, नियम..." देवेशने एकदा ट्रस्टींकडे पाहिलं. "त्यांचं नाव नाही केंद्रात."

"केंद्रात कुठं बोलावतेय? कीर्तनाला बोलावतेय. आणि पत्त्याचा पुरावा लागत असेल तर मी लिहून देते, त्या खिडकीखाली राहतात म्हणून. विठूदादाही सही करतील. तू ते वर पाठव आणि उत्तर येईपर्यंत आमचा गुरुवार रोज असेल."

ट्रस्टींपैकी एक जण हसला आणि त्याने मान डोलावली. गेटची कडी काढायला देवेश स्वतः गेला.

यासीनचाचा चपला हातात घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी बाबांसमोरचं भरलं ताट बघितलं, हलणारं तोंड बघितलं आणि तिथेच थबकले.

"बाबा," त्यांनी विचारलं, "आज उपास नहीं?"

चांगदेवबाबांनी तोंडातला घास गिळला, सरकून शेजारी जागा केली.

"सुटला रं," ते म्हणाले. "बारा वर्सांचा व्हता. लेकीनं सोडवला. बस, जेव."